पहिले सात महिने

मोहने, ४ जुलै २०२४

चि. केदार यास अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून डायलिसिसच्या खाटेवरून लिहिते आहे. डावा हात मशीनला दिलाय, उजवा मोकळा आहे.

तुझं मूत्रपिंड मला चालणार नाही, हे कळलं. माझ्याच रक्तात तुझ्याविरुद्ध काहीतरी तयार आहे, असं डॉक्टर म्हणाले. खरं सांगू? तुझ्या वेळी सात महिने पोटात पाणी ठरत नव्हतं. एकदा वैतागून देवासमोर म्हणाले होते, नको मला हे मूल. अंगाने तेच धरून ठेवलं असणार. आता फार दमले रे. महिनाअखेर डायलिसिस थांबवावं म्हणते. तुझी आणि उर्वीची धावपळ पुरे झाली. सून असून तिने फार केलं, तिला माझा राग येऊ देऊ नकोस.

तुझी,
आई

बाळकुम, ९ जुलै २०२४

ती. आईस, शि. सा. न.

पत्र वाचून आधी रडलो, मग चिडलो. डॉक्टरांना पुन्हा गाठून सगळं विचारलं. हाडांच्या आतल्या मज्जेत पांढऱ्या पेशी जन्मतात. त्यांतल्या काही लसिकाग्रंथींत आणि प्लीहेत जाऊन बसतात आणि परकं काही दिसलं की त्याला अडवणारी प्रतिपिंडं बनवतात. माझ्या वेळी माझं थोडं रक्त तुझ्या रक्तात मिसळलं. मी अर्धा बाबांचा, म्हणून त्या पेशींना परका वाटलो. ती आठवण त्यांनी चाळीस वर्षं जपली, एवढंच. नवस करून मूल मागणाऱ्या आयांच्या रक्तातही हे सापडतं. तुझ्या त्या बोलण्याचा काही संबंध नाही गं.

शहाडचे सहदेवराव आणि त्यांची बायको करिश्मा अशाच कोंडीत आहेत. तिचं मूत्रपिंड त्यांना जुळत नाही, पण तुला जुळतं. माझं त्यांना जुळतं. अदलाबदल करता येईल. फक्त तुझी सही हवी. दमलोय मीही, पण तुझ्याशिवाय राहायला तयार नाही.

तुझा हात डोक्यावर राहू दे.
केदार

मोहने, १५ जुलै २०२४

चि. केदार यास आशीर्वाद.

सही करून कागद सोबत पाठवते आहे. ते एक वाक्य चाळीस वर्षं मनात घेऊन बसले होते, आधीच सांगायला हवं होतं. काल करिश्मा भेटून गेली. माझा हात धरून बसली. उर्वीला सांग, रविवारी बिनमिठाची आमटी आणू नकोस, भाकरीच आण.

जीव तुमच्यापाशीच आहे, तो तिथेच राहो.
आई

ता. क. सहदेवरावांना माझा निरोप दे. म्हणावं, केदार पहिले सात महिने फार छळतो. तेवढे सोसा, मग शेवटपर्यंत सोडत नाही.