जाळीवरचे केस, सरोजचे सोडून

२ ऑक्टोबर २०२४, बुधवार. सकाळी ९.

सुट्टी. आजपासून ही वही. कोणाला दाखवायची नाही. लेकीला, रसिकाला, तर मुळीच नाही, कार्टी लगेच फोटो काढून मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकेल.

नियम १. तो शब्द या वहीत लिहायचा नाही. माझं कपाळ मोठं आहे, एवढंच.

कारण लिहून ठेवतो. काल माळ्यावरून बॅग काढताना आमचा फोटो सापडला. लग्नानंतर आठव्या दिवशी कल्याणला परशुरामच्या स्टुडिओत काढलेला. सरोज खुर्चीत, कमरेपर्यंतचा शेपटा खांद्यावरून पुढे घेतलेला. मी मागे उभा. आणि माझ्या डोक्यावर काय तो कोंबडा! कंगवा आत गेला की बाहेर यायला तयार नसायचा.

९ फेब्रुवारीला लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. ठरवलं, तोच स्टुडिओ, तीच पोज. परशुराम अजून धंद्यात आहे, फोन करून खात्री केली. सरोजला सांगितलं तर ती फोटोकडे बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, नको. का, तर नकोच. आता तसला फोटो काढला तर लोक हसतील.

लोक हसतील! कोणाला? मलाच की. पंचवीस वर्षं संसार करून बायकोला माझ्याशेजारी बसायची लाज वाटते. ठीक आहे. केस आणून दाखवतो. चार महिने हातात आहेत.

३ ऑक्टोबर. सकाळी ६.४०.

वागळे इस्टेटला बावीस वर्षं क्वालिटीत आहे मी. मोजल्याशिवाय आमच्याकडे स्क्रूसुद्धा पास होत नाही. तेव्हा रोज अंघोळीनंतर बाथरूमच्या जाळीवरचे केस मोजायचे. सरोज माझ्याआधी अंघोळ करते, त्यामुळे तिचे लांब केस वेगळे काढावे लागतात.

आज एकूण एकशे चौदा. सरोजचे सोडून, तीन.

फक्त तीन! नेटवर लिहिलंय की रोज पन्नास ते शंभर गळणं नॉर्मल. म्हणजे माझी मुळं एकदम स्ट्राँग. फक्त वर यायचा कंटाळा करतायत.

५ ऑक्टोबर, शनिवार.

अभ्यास पूर्ण. (पाच व्हिडिओ.) दोन मार्ग आहेत. सर्जिकल म्हणजे डोक्याच्या मागचे केस मुळासकट काढून पुढे लावायचे, भाताची लावणी करतात तसे. नॉन-सर्जिकल म्हणजे औषध चोळा, गोळ्या घ्या, स्वतःचंच रक्त काढून त्यातलं काहीतरी परत डोक्यात टोचून घ्या, नाहीतर तयार केसांचा पॅच चिकटवा.

निर्णय: नॉन-सर्जिकल. सुईला मी घाबरत नाही. पण टोचून घ्यायची गरजच काय, हा मुद्दा आहे.

डिस्पॅचचा साईनाथ म्हणाला, उत्तमराव, आधी स्किनच्या डॉक्टरला तर दाखवा. ह्याच्या स्वतःच्या डोक्यावर उडदाचा दाणा ठेवला तर घरंगळत खाली येईल, आणि हा मला शिकवतोय.

१२ ऑक्टोबर. दसरा.

मुहूर्तावर स्प्रे आणला. दिवसातून दोनदा. चार महिन्यांनी फरक दिसतो म्हणे. हिशोब केला, १२ फेब्रुवारी. तीन दिवस उशीर! म्हणून रोज तीनदा मारायचं ठरवलं. अशा वेळी डोकं चालावं लागतं.

२० ऑक्टोबर, रविवार.

डोक्याला प्रचंड खाज. मुळं जागी होतायत.

आरशावरचा मोठा बल्ब सरोजने काढून टाकला, झिरोचा लावलाय. विचारलं तर म्हणाली, डोळ्यांवर येतो. मला कळलं. माझं मन दुखावू नये म्हणून केलंय बिचारीने. तोंडाने नाही बोलणार, पण करेल. बायको असावी तर अशी.

३१ ऑक्टोबर. नरकचतुर्दशी. पहाटे ५.३०.

सरोज तेलाची वाटी घेऊन आली. मी म्हटलं, डोकं सोडून काय ते कर, वर औषध आहे. तिने पाठीला चोळलं. नंतर रसिकाने वाटी घेतली आणि म्हणाली, आई, आता तू बस, तुझ्या डोक्याला मी लावते. तर सरोज अशी खेकसली तिच्यावर, की माझ्या हातातलं उटणं खाली पडलं. पोरगी रडवेली झाली.

सणाच्या दिवशी एवढं चिडायचं काय कारण? मी मध्ये पडलो नाही. घरात सगळ्यांनाच माझ्या डोक्याचं टेन्शन आलंय, असं दिसतं.

११ नोव्हेंबर.

स्प्रे बंद. डोक्यावर लाल चट्टे. माझी चूक नाही, बॅच डिफेक्टिव्ह असणार.

आज जाळीवर एकशे तीस. सरोजचे सोडून, दोन. तिनाचे दोन! तेहेतीस टक्के सुधारणा. ऑफिसात एवढी सुधारणा दाखवली असती तर बोर्डावर नाव लावलं असतं.

२४ नोव्हेंबर, रविवार.

साईनाथच्या ओळखीने खडवलीहून जडीबुटीचं तेल आणलं. वास असा की रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून बघितलं. जेवताना सरोज म्हणाली, अहो, किती ते प्रयोग, सोडा आता. मला रागच आला. मी म्हटलं, तुला काय कळणार माझं दुःख? तुझ्या डोक्यावर एवढं रान माजलंय!

ती अर्ध्या जेवणावरून उठून आत गेली. आमटी तर छान झालेली. बायकांचं काही कळत नाही.

२ डिसेंबर.

आठ दिवस झाले, मी जायच्या आधी सरोज जाळी स्वच्छ धुऊन ठेवते. म्हणजे डेटा गेला! सांगितलं, धुऊ नकोस. आज परत धुतलेली.

तेलाने उशी खराब झाली. केस नाहीत. तेल बंद.

९ डिसेंबर, सोमवार. दुपारी २.

आजचा दिवस कॅलेंडरमधून फाडून टाकावा असा.

शनिवारी नौपाड्यात जाऊन पॅच बसवून घेतला. ऐन भरातला उत्तम! रसिका म्हणाली, बाबा, न्यूज वाचणारे वाटताय. सरोज हसली, मनापासून. खूप दिवसांनी हसली.

आज तसाच ऑफिसला. गेटवर चेहऱ्याची हजेरी लागते. मशीनसमोर उभा राहिलो. मशीन बाई म्हणाली, चेहरा ओळखता आला नाही, पुन्हा प्रयत्न करा. प्रयत्न केला. पुन्हा प्रयत्न करा. चष्मा काढला. पुन्हा प्रयत्न करा. मागे पूर्ण जनरल शिफ्ट उभी. कोणीतरी म्हणालं, काका, नवीन जॉइन झालात काय? नऊला दोन मिनिटं कमी. लेट मार्क म्हणजे अर्धा दिवस कट. साईनाथ कानात म्हणाला, उत्तमराव, काढा आता.

काढला. चाळीस माणसांसमोर, टोपी काढावी तसा. मशीन बाई लगेच म्हणाली, धन्यवाद, उत्तम.

टाळ्या पडल्या. मी एचआरला लेखी तक्रार दिली आहे. इतक्या निकृष्ट दर्जाचं मशीन पास कोणी केलं?

पॅच ड्रॉवरमध्ये. निर्णय: सर्जिकल. मी हरणाऱ्यातला नाही.

१४ डिसेंबर, शनिवार.

ठाण्याच्या क्लिनिकमध्ये दिपेश नावाचा मुलगा भेटला. काउन्सेलर. फार समजूतदार, मला सर म्हणत होता. मार्करने माझ्या कपाळावर रेघ मारून दाखवली, केस इथपर्यंत येतील. डॉक्टरांना ५ फेब्रुवारीशिवाय तारीख नाही. ते त्याच सकाळी तपासतील आणि जमत असेल तर लगेच करतील. आदल्या दिवशी पूर्ण गोटा करून यायचं. केस उगवून यायला आठ-दहा महिने लागतात म्हणे. ते साध्या माणसांना. माझी मुळं स्ट्राँग आहेत.

घरी आल्यावर लक्षात आलं, रेघ पुसलीच नव्हती. म्हणून शेअर रिक्षात शेजारची बाई एवढी बघत होती.

सरोज घरी नाही. हल्ली महिन्यातून एक शनिवार बहिणीकडे जाते, कल्याणला. बरंच झालं. कोणालाच सांगणार नाही. सरप्राइज.

१४ जानेवारी २०२५. संक्रांत.

सरोज यंदा कोणाकडेच हळदीकुंकवाला गेली नाही. बायका माझ्याबद्दल विचारतील म्हणून असणार. ५ तारखेनंतर बघा म्हणावं.

फ्रिजवर लॅबचा रिपोर्ट लावलेला. सरोजचं नाव, थायरॉइडचं काहीतरी. अशक्तपणा असेल. विचारायचं ठरवलेलं, तेवढ्यात दिपेशचा फोन आला आणि राहून गेलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ७.

धाकूच्या सलूनमध्ये गेलेलो. गोटा कर म्हटल्यावर त्याने वस्तरा खाली ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, कधी झालं? मी म्हटलं, उद्या सकाळी आहे. तो गोंधळला. पण केला. पैसे घेताना मान खाली.

सोसायटीच्या गेटवर वॉचमन उठून उभा राहिला. दुसऱ्या मजल्यावरच्या गंगुबाईंनी हात जोडले. मला वाटलं, लूक जमलाय.

सरोजने दार उघडलं. माझ्या डोक्याकडे बघितलं आणि मटकन खाली बसली. म्हणाली, गावाला अण्णांचं काही झालं का? कधी फोन आला? मला का नाही सांगितलं?

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, गोटा वडील गेल्यावर करतात. म्हटलं, अगं, अण्णा ठणठणीत आहेत, आत्ता दुपारी त्यांनी फणसाचं विचारायला फोन केलेला. मग सगळं सांगावं लागलं. ऑपरेशन, फोटो, सगळं. ती म्हणाली, त्या फोटोसाठी? उठून आत गेली.

सरप्राइज गेलं बोंबलत. असू दे. उद्या दिवस माझा आहे.

५ फेब्रुवारी. सकाळी ११.४५.

ऑपरेशन मीच रद्द केलं.

५ फेब्रुवारी. दुपारी १२.३०.

वही माझीच आहे, इथे तरी खरं लिहावं. डॉक्टरांनी रद्द केलं. मागून भिंगाने बघितलं आणि म्हणाले, मागचेच केस विरळ आहेत, पुढे लावायला आणायचे कुठून? शिवाय चट्टे. म्हणाले, घरी जा, असेच छान दिसता. असं कोणाला म्हणतात, मला माहीत आहे.

तर आता परिस्थिती अशी: लग्नाचा वाढदिवस चार दिवसांवर, आणि होते तेवढेही केस धाकूकडे.

५ फेब्रुवारी. दुपारी ४.

सरोजला सांगितलं. मला वाटलं ती हसेल. तिने ड्रॉवरमधून मोठा बल्ब काढला आणि स्टुलावर चढून आरशावर परत लावला. मग खाली उतरून अंबाडा सोडला आणि माझ्यासमोर मान खाली करून उभी राहिली.

भांगाच्या जागी दोन बोटं रुंद पांढरी वाट. बाजूलाही विरळ. शेपटा माझ्या करंगळीएवढा बारीक.

म्हणाली, ऑगस्टपासून चाललंय. थायरॉइड. बहिणीने कल्याणच्या स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या चालू आहेत, दर महिन्याला जाते, वेळ लागेल म्हणालेत. तुम्हाला कळेल म्हणून वाट बघत होते. म्हणाली, फोटोला नको म्हटलं ते माझ्या शेपट्यामुळे. तुम्हाला कोण हसतंय? तुमचं कपाळ तर लग्नातही मोठंच होतं, कोंबडा पुढे ओढून बसवलेला, माझ्या आईने तेव्हाच ओळखलेलं.

आणि मग म्हणाली, रान माजलंय म्हणालात ना, त्या दिवशी मला फार लागलं हो.

ती चहा टाकायला गेली. मी ही वही उघडली. ३ ऑक्टोबर. एकशे चौदा, सरोजचे सोडून तीन. ११ नोव्हेंबर. एकशे तीस, सरोजचे सोडून दोन. माझ्याच अक्षरात.

बावीस वर्षं क्वालिटीत. रोज इन्स्पेक्शन केलं. रोज मोजून मोजून तिचे बाजूला काढले. लाज वाटते रे उत्तम, लाज वाटते.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३.

फोटो काढला! मीच हट्ट धरला. म्हटलं, हसू दे लोकांना, दोघांना मिळून हसतील, वाटून घेऊ. कल्याणला जाताना तिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेतला. तिने तो जाड दिसावा म्हणून दुहेरी माळला आणि शेपटा, आहे तेवढा, पुढे घेतला.

परशुरामने जुना फोटो हातात घेतला, मग आम्हाला बघितलं. भला माणूस, लगेच लाइट लावायला वळला. मग म्हणाला, साहेब, टक्कल चमकतंय, जरा पावडर मारता का?

सरोजने पर्समधून डबी काढून स्वतःच्या हाताने पावडर लावली, पूर्ण टकलाला, कानामागेसुद्धा. ती एवढी हसत होती की परशुरामला तीन वेळा थांबावं लागलं.

नियम १ मोडला. मोडू दे.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.२०.

सरोज अंघोळ करून बाहेर आली. जाळी धुवायला तिला परत जायचं होतं, मी जाऊ दिलं नाही. म्हटलं, आजपासून हे खातं माझ्याकडे. आत जाऊन दार लावलं आणि नीट मोजले.

तिने बाहेरून विचारलं, किती?

एकाहत्तर होते. मी म्हटलं, तीस.

ती म्हणाली, तुमचे सोडून ना?

म्हटलं, हो. माझे सोडून.