अमरभाऊंच्या गाडीचा गिअरबॉक्स

आरमोरी
मार्चअखेर, सोमवार

प्रिय विक्की,

फोनच केला असता, पण आपल्या फोनचं तुला माहीतच आहे. तू 'बोल' म्हणतोस, मी 'जेवलास का' विचारते, मग दोघंही गप्प होतो आणि तुला कुठलं तरी काम आठवतं. मला जे सांगायचंय ते मध्येच तुटलं तर मी परत सुरू करणार नाही. तेवढी मी मला ओळखते. म्हणून कागद घेतला. अक्षर खराब दिसेल, उजव्या अंगठ्याला पट्टी आहे. ती का आहे तेही यातच येईल.

गेला महिनाभर मी एकाच गिअरबॉक्सशी भांडत होते. चंद्रपूरचे अमरभाऊ म्हणून एक गिऱ्हाईक आले. टाइल्सचं दुकान आहे, चाळिशी उलटल्यावर शर्यतीचा नाद लागला. गाडी लहानशी, लाल, टर्बोची, आणि तिची सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर. वळणावर अशा गाडीचं काय होतं ते तुला मी काय सांगू! आतलं चाक हलकं होतं आणि जागच्या जागी गरगर फिरत बसतं. दोन चाकांत जोर वाटणारा डिफ्रन्शियल साधा असला की जोर सगळा त्या फुकट फिरणाऱ्या चाकावर वाया जातो, आणि ज्या चाकाची जमिनीवर पकड आहे ते उपाशी राहतं. अमरभाऊंनी त्यासाठी बाहेरदेशातून लिमिटेड स्लिप डिफ्रन्शियल मागवला होता. एक चाक घसरायला लागलं की त्याच्या आतले दाते आपोआप दुसऱ्या चाकाकडे जोर वळवतात. खोक्यातून काढला तेव्हा मी दहा मिनिटं नुसता हातात धरून बसले होते. एवढं सुंदर काम आपल्या शेडमध्ये कधी आलं नव्हतं.

शर्यत बावीस दिवसांवर होती आणि नागपूरच्या गॅरेजवाल्यांनी महिनाभर थांबा म्हणून सांगितलं, म्हणून ते माझ्याकडे आले. माझ्यावर विश्वास होता म्हणून नाही. उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न, "बाबा नाई का घरी?" मी म्हटलं, आहेत, पण गिअरबॉक्स मीच उघडते. तर शेडच्या दारात बसलेल्या बाबांकडे बघून म्हणाले, "तुम्ही एकदा नजर टाकजा, नथ्थूभाऊ." मला या गोष्टीचा किती संताप येतो ते कुणाला सांगू? हेच लोक चौकात म्हणतात की नथ्थूच्या हातच्या कामानं त्याच्या स्वतःच्या पोराचा गुडघा गेला. आणि हेच लोक माझ्या दारात येऊन विचारतात, बाबा नाई का?

तुला ठाऊक नसेल, तुझ्या अपघातानंतर बाबांनी एकाही गिऱ्हाइकाच्या गिअरबॉक्सला हात लावलेला नाही. सूरजागडच्या खाणीचे ट्रकवाले किती वेळा येऊन बसले. बाबा त्यांना चहा पाजतात आणि माझ्याकडे बोट दाखवतात. स्वतः दारातल्या पाटावर बसून शेतातल्या पाण्याच्या मोटारी खोलतात, कधी घरच्या मासे धरायच्या जुन्या जाळ्याला गाठी मारत बसतात. शेडच्या आत, गाडीखाली उतरायच्या खड्ड्यापाशी चार वर्षांत पाऊल नाही टाकलं. मीही कधी या म्हटलं नाही.

तर, काम सुरू झालं. एक्सल काढले, गिअरबॉक्स खाली उतरवला, दोन भाग वेगळे केले, इथवर सगळं सरळ. मग जुन्या डिफ्रन्शियलवरचं बेअरिंग निघेना. क्राउन व्हीलच्या, म्हणजे त्यावरच्या मोठ्या दातेरी चाकाच्या मागे एवढी चिंचोळी जागा, की बेअरिंग ओढून काढायचा आपला पुलर धरतच नाही. दोन दिवस त्यातच गेले. तिसऱ्या दिवशी पुलर सटकला आणि अंगठा सोलून निघाला. मग नव्या डिफ्रन्शियलवर क्राउन व्हील बसेना. ते इतकं घट्ट असतं की तापवून फुलवल्याशिवाय बसत नाही. आईच्या मोठ्या गंजात, त्या भाताच्या पातेल्यात, तेल तापवलं, त्यात ते बुडवलं, बाहेर काढून पळत आणलं, तर अर्ध्यावर जाऊन अडकलं. परत तापवा, परत काढा. असं चार वेळा. गंजाचं बूड काळं ठिक्कर पडलं, आई असती तर मला घरात घेतलं नसतं.

त्यानंतर शिमचा छळ. दोन्ही बाजूंची बेअरिंगं किती दाबून बसली पाहिजेत, याचं माप केसाहून बारीक. ढिली राहिली तर आतलं सगळं डुलतं, जास्त दाबली तर जळतात. त्यासाठी शिम म्हणजे पातळ चकत्या घालून बघायच्या, गिअरबॉक्सचा डबा बंद करायचा, हातानं फिरवून आणि गेज लावून मोजायचं, मग परत उघडायचा. गेज वडश्याच्या श्रीहरी लेथवाल्याकडून मागून आणलं. तीन वेळा डबा बंद केला आणि तीन वेळा उघडला. त्यात दुपारची वीज जाते, अमरभाऊ रोज दोनदा फोन करतात, आणि पुढे उभी असलेली सगळी कामं खोळंबलेली. एक दिवस मी पाना भिंतीवर फेकून मारला. बाबांनी दारातून नुसतं वर पाहिलं आणि पुन्हा मोटारीत डोकं घातलं. मला वाटलं, या माणसाच्या हातात तीस वर्षांची विद्या आहे आणि हा माणूस मला एक शब्द सांगत नाही. त्या दिवशी मला तुला येतो तितकाच त्यांचा राग आला होता, विक्की.

आता जरा मागचं. पोंभुर्ण्याच्या त्या शर्यतीबद्दल आपण कधीच बोललो नाही. टँकरनं पाणी मारून केलेला तो चिखल, बांधावर चढून बसलेली माणसं, आणि पहिल्या फेरीत तू सगळ्यांच्या पुढे. तिसऱ्या वळणावर गाडीतून लोखंड फुटल्याचा आवाज आला, पुढची दोन्ही चाकं जागीच धरली गेली, आणि गाडी बांधावरून उलटी पडली. तुझा पाय पेडलपाशी अडकलेला. तुला बाहेर काढेपर्यंत बाबा तुझं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, हे तुला आठवणारही नाही. तुला आठवतं ते दवाखान्यातलं. बाबा पलंगाशी उभे राहून म्हणाले, "बेअरिंग बराबर बसलं नव्हतं. माही चूक झाली." आणि तू म्हणालास, यापुढे माह्या समोर येऊ नका. ते आले नाहीत. तुझ्या शब्दाला तेवढा मान तोवर कुणी दिला नसेल.

त्या वेळी तुझ्या गिअरबॉक्समध्ये क्राउन व्हील आणि त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनची नवी जोडी बसवली होती, गाडी लवकर उचलावी म्हणून. बाबा त्या आठवड्यात सूरजागडला होते, घाटात ट्रक अडकला होता, ते शनिवारी रात्री परतले. तुझी शर्यत रविवारी. काम मी केलं होतं. बाबांनी केलं असंच सगळे धरून चालले, तूसुद्धा, आणि मी तेव्हा काही बोलले नाही, कारण त्याआधी मी एकटीनं गिअरबॉक्स कधी बांधलाच नव्हता आणि तू हो म्हणाला नसतास. क्राउन व्हील ज्या बोल्टांनी धरलेलं असतं ते बोल्ट एकदाच वापरायचे असतात. ते आवळताना ताणले जातात, आणि ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तेवढं धरत नाही. नवे बोल्ट नागपूरहून यायचे होते, ते आले नाहीत. मी जुनेच पुसून, आटे धरून ठेवणारं औषध लावून, जोर लावून आवळले. कुणाला सांगितलं नाही. अपघातानंतर बाबांनी शटर ओढून एकट्यानं तो डबा उघडला. मी बाहेर उभी होते. ते बाहेर आल्यावर मी विचारलं, काय निघालं? म्हणाले, "बेअरिंग." मी पुढे काही विचारलं नाही. मला बोल्ट आठवत होते, विक्की. तरी विचारलं नाही. बाबांनी बेअरिंग म्हटलं ना, मग बेअरिंगच, असं मी मनाला चार वर्षं सांगत राहिले. अर्ध्या रात्री जाग येऊन नाही, चांगलं दिवसाढवळ्या, काम करता करता सांगत राहिले.

तर अमरभाऊंची शर्यत रविवारी, आणि बुधवारी नागपूरहून नव्या बोल्टांची पुडी आली. उघडली तर लांबी चुकीची. शिमचं माप घेण्यासाठी मी तात्पुरते जुनेच बोल्ट लावून ठेवले होते, ते जागेवर होते, घट्ट होते. अमरभाऊंचा फोन येऊन गेलेला, गाडी शुक्रवारी नाही मिळाली तर तालुकाभर सांगीन म्हणाले. मी म्हटलं, आहेत ते राहू दे. एक शर्यत तर काढतील. डब्यातून तेल गळू नये म्हणून कडेला सीलंट लावायला घेतलं. तेवढ्यात माझ्यावर सावली पडली. बाजूला टाकलेली बोल्टांची पुडी बघून बाबा आत आले होते. खड्ड्यापाशी. त्यांनी वाकून बोल्टाचं डोकं अंगठ्यानं पुसलं, बघितलं, आणि ओरडले, "पुन्ना तेच करून राह्यली का तू?"

पुन्ना. एवढा एकच शब्द. माझ्या हातातली सीलंटची नळी तशीच दाबली गेली आणि सगळं सीलंट पायावर सांडलं. त्यांच्याही लक्षात आलं की तोंडून काय गेलं. ते तिथेच टायरवर बसले. मी विचारलं तेव्हा सरळ सांगितलं. दोन बोल्ट तुटले होते, तिसरा डबा फोडून बाहेर निघाला होता आणि क्राउन व्हीलमध्ये अडकला होता. बेअरिंगला काही झालं नव्हतं. मी म्हटलं, मग काऊन नाही सांगितलं? तर म्हणाले, "माहं तं काम करून झालं होतं. तुहं सुरू व्हायचं होतं. इथी पोरीले एक चूक बी माफ नाई." मी विचारलं, आणि विक्की? ते हातातल्या चिंधीला बोटं पुसू लागले. म्हणाले, "वाटलं, पोरगा हाय, राग धरंल, मंग सोडंल. एवढे दिवस धरंल असं नव्हतं वाटलं."

मी रडले नाही. मला संताप आला. त्यांनी मला न विचारता माझी चूक माझ्या हातून काढून घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवून दारात जाऊन बसले. मला वाचवलं म्हणायचं, तर वाचवून काय केलं? मी तीच चूक परत करायला बसले होते, कारण पहिल्यांदा ती माझी आहे हे मला कुणी तोंडावर सांगितलंच नव्हतं. हे सगळं मी त्यांना ओरडून बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू बी तं इचारलं नाई."

त्याच दुपारी मी अमरभाऊंना फोन केला. गाडी रविवारी मिळणार नाही म्हटलं, आणि का नाही तेही सांगितलं. पोंभुर्ण्याचं काम माझं होतं हेही सांगितलं. त्यांनी मला जे बोलायचं ते बोलून फोन ठेवला. पुढच्या गुरुवारी बरोबर मापाचे बोल्ट आले. डिफ्रन्शियल फिरू नये म्हणून बाबांनी तो दुसऱ्या बाजूनं धरला, आणि मी नेमका जोर मोजणाऱ्या टॉर्कच्या पान्यानं एकेक बोल्ट आवळला. प्रत्येक बोल्टाला ते मोठ्यानं मोजत होते. शनिवारी अमरभाऊ आले, वडसा रोडवर दोन फेऱ्या मारल्या. वळणावर दोन्ही चाकं जमीन धरून गाडी ओढत होती, मला रस्त्याच्या कडेनं दिसत होतं. उतरून म्हणाले, काम चोख झालं. आणि चावी खिशात टाकता टाकता म्हणाले, पण पुढच्या खेपेला मी नागपूरलाच नेईन. मी हो म्हटलं. काय म्हणणार? त्यांची चूक नाही.

ते गेले आणि तासाभरानं पोस्टमन तुझ्या लग्नाची पत्रिका देऊन गेला. रिंकूचं नाव वाचून मला आनंद झाला, खरंच झाला. पण पाकिटावर माझं एकटीचं नाव. आत 'कै. चंदाबाई यांचे चिरंजीव', आणि निमंत्रक म्हणून मामा. बाबा म्हणजे या जगात नाहीतच. बाबांनी हात पुसून पत्रिका घेतली, दोन्ही बाजूंनी वाचली, "छपाई चांगली हाय" म्हणाले आणि मला परत दिली. म्हणून हे पत्र. तुझा गुडघा माझ्यामुळे गेला, विक्की. तुझी गाडी, तुझ्या शर्यती, सगळं माझ्यामुळे गेलं. त्यांच्यामुळे नाही. मी माफी मागत नाही, ती मागायला मी तुझ्या दारात येईन तेव्हा तू दार उघडलंस तर मागेन. आत्ता एवढंच म्हणते, लग्नाला सव्वा महिना आहे आणि छापखान्याला चार दिवस पुरतात. पत्रिका नव्यानं छाप आणि तीत 'श्री. नथ्थू यांचे चिरंजीव' एवढी ओळ घाल. आणि त्यांच्या नावाचं पाकीट वेगळं पाठव. मला पाठवू नकोस हवं तर.

तुझीच,
रंजीताताई