आपलं म्हणजे कुणाचं?

प्रिय बाई,

उद्या सकाळी साहेबांना उत्तर द्यायचंय आणि विचारायला तुम्ही नाही आहात, म्हणून लिहिते आहे. हे पोचायचं नाही, ठाऊक आहे मला. पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये इतकी वर्षं काढल्यावर, पलीकडून कोणी उचलत नसलं तरी घंटी वाजवत राहायची सवय लागून गेलीय.

तुम्ही गेलात त्यावर उन्हाळा उलटला. पाऊस यंदाही हुलकावणी देतोय. आणि तुमच्या जागी सुपरवायझर म्हणून कुणाला नेमलंय माहितेय? मला! हसू नका. जिला तुम्ही 'कुमुद, आधी श्वास घे, मग बोल' म्हणायचात, ती आता तिघींवर देखरेख करते. रूथ आणि हमीदा आपल्या जुन्याच. तिसरी सिंधू, अकोले तालुक्याच्या डोंगरातली, जिला तुम्ही स्वतः शेजारी बसवून स्विचबोर्ड शिकवलात. प्रश्न तिचाच आहे.

परवा बाजारपेठेतले कापडाचे शेठजी तावातावाने आत आले. त्यांनी नगरचा ट्रंक कॉल मागितला होता. लाइन मिळत नव्हती, तर सिंधू त्यांना म्हणाली होती, "वाईच थांबा शेटजी, लाइन लई बिझी हाय." झालं! "एक्स्चेंजमध्ये आता मोलकरणी बसवता काय?" असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. सिंधूने कानावरचा हेडफोन काढला नाही की मान वर केली नाही. पुढचा नंबर लावला. तेव्हा तुमची फार आठवण आली, बाई.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. माणूस वाईट नाही, तुम्हाला माहितेय. म्हणाले, "जमाना बदलतोय, कुमुदताई. आज ना उद्या आपोआप नंबर लागणारी मशिनं येतील. लोकांना आता शुद्ध भाषा हवी असते. त्या मुलीला बोर्डावरून उठवा आणि आतल्या खोलीत कागद लावायला बसवा. पगार तोच राहील. सोमवारी मला सांगा."

पगार तोच! पण आतल्या खोलीत गेलेली मुलगी पुन्हा बोर्डावर येत नाही, हे तुम्हीच आम्हाला सांगितलं होतंत ना? आणि सिंधूचा जीव त्या बोर्डात आहे. कॉल आल्याची समोरची झडप पडली की तिचा चेहरा कसा उजळतो, ते तुम्ही पाहिलंय.

तुम्ही असतात तर काय केलं असतं? दोन दिवस डोक्यात एवढंच आहे. आणि दर वेळी डॉक्टरांचा तो फोन आठवतो. रूथने चुकून चालू कॉलची वायर उपटली, त्यांचं पुण्याशी बोलणं मधेच तुटलं आणि डॉक्टर असे कडाडले की आम्हाला शेजारी बसून ऐकू आलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "डॉक्टरसाहेब, आपलं चुकलं."

"माझं? माझं काय चुकलं?" डॉक्टर आणखीच भडकले! तेव्हा कुठे तुमच्या लक्षात आलं, की 'आपलं' म्हणजे त्यांचं, असं त्यांना वाटलंय. "नाही हो, आपलं म्हणजे आमचं!" हे तुम्ही इतक्या घाईने म्हणालात, की हमीदाने तोंडात पदराचा बोळा कोंबला. शेवटी डॉक्टरही हसले.

पण तो शब्द तुमच्या तोंडून काही गेला नाही. लाइन बिघडली तर आपली, बोलणी बसली तर आपल्याला. लढाईच्या त्या हिवाळ्यात जवानांच्या घरचे फोन आम्ही दिवसरात्र लावून देत होतो, तेव्हाची शाबासकी तुमच्या एकटीच्या नावाने आली. तीही तुम्ही आपल्या सगळ्यांची करून टाकलीत! पेढे वाटताना झाडणाऱ्या गंगूबाईंना पहिला दिलात.

म्हणून काय तुम्ही मऊ होतात? छे! डॉक्टरांचा फोन ठेवल्या ठेवल्या रूथला बाजूला घेऊन काय झापलंत. "फोनवर आपलं चुकलं. इथे तुझं चुकलं. डोळे कुठे होते?" रूथ मुसमुसत राहिली आणि मग तुम्हीच तिला डबा उघडून जेवायला बसवलंत. लोकांसमोर आपलं आणि एकांतात तुझं. बघताना किती सोपं वाटायचं हो!

मी काय केलं सांगू? पहिल्याच आठवड्यात फर्मान काढलं, "तुम्ही सगळ्यांनी वेळेवर यायचं." हमीदा गोड हसून म्हणाली, "आणि ताई, तुम्ही कधी येणार?" 'आपण' म्हणायचं राहूनच गेलं होतं; माझा चेहरा बघण्यासारखा झाला असेल. हे तुम्हाला सांगायला हवं, असं लगेच मनात आलं. अजूनही काही गमतीचं झालं की मी तुमच्या टेबलाकडे बघते.

सिंधू नवी आली तेव्हा तोंडच उघडत नव्हती. बोललं की बाकीच्या हसतील, ही धास्ती. तुम्ही तिला सांगितलंत, "आकडा चुकला तर मी चालवून घेणार नाही. 'हाय' म्हणालीस तर चालेल." मग पंधरा दिवस सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस घोकून घेतलेत तिच्याकडून! आणि आम्हा हसणाऱ्यांनाही एकदाच विचारलंत, "काय गं, तिचं बोलणं कळत नाही का तुम्हाला?" त्यानंतर हसायची कोणाची छाती झाली नाही.

पारनेरकडच्या त्या म्हातारीला विसरला नसाल. खडी फोडायच्या कामावरून थेट आली होती, मुंबईच्या मुलाशी बोलायला. रिसीव्हर हातात घ्यायलाच घाबरत होती. सिंधू उठून बाहेर गेली, "आजी, कानाला लावा, पोरगा हाय पल्याड," म्हणाली आणि ती बोलेपर्यंत शेजारी उभी राहिली. तेवढा वेळ तिचा बोर्ड तुम्ही सांभाळलात. सुपरवायझर बोर्डावर आणि शिकाऊ पोर बाहेर! त्या दिवशी मला मनातून हे पटलं नव्हतं. आता तुम्ही असतात, तर पटलं म्हणून सांगितलं असतं.

काल शनिवारी डबे उघडले तेव्हा मी विषय काढला, तिघींसमोर. एखादीबद्दल तिच्या पाठीमागे ठरवायचं ही तुमची रीत नव्हती, एवढं तरी मी शिकलेय. रूथ म्हणाली, "ताई, साहेबांशी वाकडं नको. थोडे दिवस बसू दे तिला आत." हमीदा फणकारली, "आज हिची बोली, उद्या माझं नाव. मग कुठवर आत बसायचं?" दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी सिंधूकडे.

तिने भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला. "ताई, उठवायचं तर उठवा. पन सिंधूलाच आत बसायचं हुतं, आसं म्हनू नगा. मला न्हाई बसायचं." आणि पुढे म्हणाली, "शेटजींस्नी मी वाईट काय बोलले? थांबा म्हनले. बाई आसत्या तर त्याबी थांबाच म्हनल्या आसत्या."

बाई आसत्या तर!

तुमच्यावर राग आहे आमचा, सांगून टाकते. सिंधूची आई आजारी पडली तेव्हा तुम्ही म्हणालात, "आपली आई आजारी आहे ना, मग इथे काय करतेस? जा!" आणि तुमच्या पोटात कळा यायच्या तेव्हा? बोर्डाची कड धरून उभ्या राहायचात, घोटभर पाणी प्यायचात. आम्ही विचारलं की "मला काही झालेलं नाही. माझं मी बघते." आमच्या सगळ्या दुखण्यांत 'आपण' आणि तुमच्या दुखण्यात 'मी'? हा कुठला न्याय, बाई? आम्हाला कळलं तेव्हा तुम्ही दवाखान्यात होतात आणि डोळे उघडत नव्हतात. चौघी होतो हो आम्ही. तुमचं थोडं ओझं उचललं असतं. तुम्ही उचलू दिलं नाहीत, ते अजून सलतं.

उद्या मी साहेबांकडे जाणार आहे आणि सिंधू माझ्याबरोबर येणार आहे. तिच्याबद्दल जे बोलायचं ते तिच्यासमोर. शेठजींना ताटकळावं लागलं, त्याबद्दल आपलं चुकलं, असं मी म्हणेन. तिच्या बोलीबद्दल मात्र माफी मागणार नाही. साहेब तरीही ऐकले नाहीत, तर त्या आतल्या खोलीत आम्ही चौघी पाळीपाळीने बसू आणि पहिली पाळी माझी असेल. रूथसुद्धा याला तयार झालीय, कुरकुरत का होईना.

जमेल तेवढं तुमच्यासारखं वागेन, बाई. पण एका बाबतीत वागणार नाही, आणि हे वचनच समजा. उद्या साहेबांच्या दारात माझं पाऊल अडणार, हे मला आत्ताच कळतंय. तेव्हा 'मला काही झालेलं नाही' असं मी म्हणणार नाही. सिंधूला सांगेन, "मला भीती वाटतेय गं, जरा हात धर माझा."

अजून तुमचीच,
कुमुद