समोरून येणारं विमान

बाई,

खिडकीतून घारी बघत बसलो होतो म्हणून तुम्ही मला उभं केलंत आणि शिक्षा म्हणून कविता म्हणायला लावलीत. ती मला सगळी पाठ होती, पण शेवटचं कडवं आलं की मी घाई करायचो, आवाज सोडून द्यायचो. तुम्ही म्हणालात, "कविता खाली उतरवायची असते रे. अशी टाकायची नसते." मग म्हणालात, बस आता, घारी खोळंबल्या असतील. वर्ग हसला. मला मात्र ते उतरवणं लागलं, आणि आजवर पुरलं.

हसाल तुम्ही, पण म्हातारपणी मी विमानं करतो. फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल, लोकांनी टाकलेल्या पेट्या, मिळेल ते आणायचं, ब्लेडने कापायचं, घासायचं, जपून गोंद निवडायचा, कारण भलता गोंद थर्माकोल खाऊन टाकतो. मग छोटी मोटर, बॅटरी, आणि आपल्या हातात रिमोट. आताच्या विमानाचे पंख शेजारच्या वहिनींच्या गणपतीच्या मखराचे आहेत. थर्माकोलवर बंदी आल्यापासून ते त्यांच्या माळ्यावर पडून होतं. "देव बसला होता त्यात, कचऱ्यात कसं टाकू? तुम्ही उडवा," म्हणाल्या. जरीची सोनेरी पट्टी सोलली तरी डिंकाखाली थोडी राहिलीच. विमान वळलं की ती चमकते. निदान मला ती दिसायची.

रविवारी वाघोलीच्या पुढच्या माळावर आम्ही दोघं जातो. मित्र शिंपी, मंडईजवळचं दुकान आता त्याचा मुलगा बघतो. वारज्याहून तो मला स्कूटरवर मागे बसवून नेतो, विमान मी पोटाशी धरून बसतो. या खेळात एक खोच आहे. विमान लांब जात असतं तोवर त्याचं डावं ते आपलं डावं. समोरून येऊ लागलं की सगळं उलटं होतं, आणि नवशिका हमखास चुकीकडे वळवतो. मी नवशिका नाही. पण गेल्या रविवारी ते पांढऱ्या आभाळात पांढरं होऊन गेलं, आणि येतंय की जातंय तेच मला कळेना. जातंय असं धरून मी वळवलं. मित्र शांतपणे म्हणाला, "अहो, ते इकडे येतंय. तुम्ही कुठे पाठवताय त्याला?" तोवर पुढच्या पंख्याचं पातं त्याच्या भुवईला लागून गेलं होतं. डोळा बोटभर खाली होता. रुमाल दाबून तो म्हणाला, शिंप्यालाच टाके पडले, आता गिऱ्हाईक काय म्हणेल. माझ्या मुलीला त्यानेच सांगितलं, वारा फार होता. मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

तेव्हापासून तुमचा तो तास आठवतो. कविता शिकवता शिकवता तुम्हाला पुढची ओळ आठवेना. पुस्तक समोर होतं, पण तुम्ही उघडलं नाहीत. "आज इथे थांबू," म्हणालात, आणि नंतर आमच्या वर्गावर कधी आलाच नाहीत. आम्हाला वाटलं, रागावलात. उतरवायला शिकवणाऱ्या तुम्ही, आणि मधेच थांबलात. कसं कळलं हो तुम्हाला, की आता पुरे? आणि घरी गेल्यावर काय केलंत?

हे तुमच्यापर्यंत यायचं नाही, म्हणून तर लिहवतंय. कागद इथेच टेबलावर, ब्लेडखाली राहील. शेजारी विमान आहे, दुरुस्त केलेलं. तोल बघायला दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरतात. विमान सरळ राहतं. उद्या मित्र येईल. रिमोट त्याच्या हातात द्यायचा, मी फक्त विमान हवेत सोडायचं, असं ठरवलंय. त्याला अजून सांगितलेलं नाही. त्या दिवशी परतताना त्याने स्कूटर कडेला घेऊन विचारलं होतं, "दिसलं नाही ना तुम्हाला?" मी म्हणालो, ऊन डोळ्यांवर आलं.

बाई, ऊन नव्हतंच त्या दिवशी. त्यालाही ते माहीत होतं. घरापर्यंत त्याने स्कूटर तेवढी हळू चालवली.