लख्ख उन्हातली घंटा

वाल्देसेरा, ऑक्टोबरची सुरुवात

प्रिय निएवेस,

तुझी कंबर आता कशी आहे? त्या कारखान्यात दिवसभर उभं राहून मासे डब्यात भरायचे म्हणजे चेष्टा नाही, म्हणून आधी तिचीच चौकशी. जावईबापूंचा खोकला हटला का? बोटीवर जाताना छाती झाकून घ्या म्हणावं. माझ्या छोट्या नातीचा, उशियाचा पुढचा दात आला का? बिल्बाओहून तुझ्या भावाचा, लिसार्दोचा फोन होता. मंडळी बरी आहेत. तिकडे अल्मेरियात धाकटी एर्मिनियाही खुशाल आहे. मीही बरा आहे, असं म्हणायचं.

इथे थंडी उतरली. गावात आता दोनच धुराडी पेटतात, एक माझं, एक शेजारच्या ओबदुलियाचं. तीही एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं वाहून मुलाकडे व्हॅलेन्सियाला जाणार आहे, कायमची. तिकडे रोज भातच शिजतो, जन्मभर तोच खावा लागेल, असं मी चिडवलं. तर म्हणते, तुझं तोंड बघत जेवण्यापेक्षा भात बरा. हसलो खरा, पण त्या रात्री कडी लावली की नाही ते पुन्हा पुन्हा उठून पाहिलं.

तुम्ही तिघंही कधीचे बोलावताय आणि मी दरवेळी काहीतरी खुसपट काढतो. लिसार्दोचा पोरगा मला बास्क भाषेत आजोबा म्हणतो, पुढचं अक्षर कळत नाही; मी आपला नंदीबैलासारखा मान डोलावतो. एर्मिनियाकडे डोंगराखाली पांढरंशुभ्र दिसलं, मला बर्फच वाटलं. ते निघालं शेतांवर ताणलेलं प्लास्टिक, खाली टोमॅटो. तिथली माणसं अर्धे शब्द गिळतात आणि मी झोपायला जातो तेव्हा जेवायला बसतात. आणि तुझ्याकडे गालिसियात तो न संपणारा पाऊस. ओबदुलिया म्हणते, गालिसियाचा माणूस जिन्यात भेटला तर चढतोय की उतरतोय ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही. हे जावईबापूंना सांगू नकोस.

पण मुलुखाची भीती मला कधी नव्हती, हे तू जाणतेस. तरुणपणी पानं पिवळी पडली की मेंढ्या घेऊन लेओनच्या ह्या डोंगरातून निघायचं, कास्तियाची उघडी माळरानं तुडवायची, आणि एस्त्रेमादुरात ओकांच्या रानात हिवाळा काढायचा. वाचायलाही तिथेच शिकलो, मिठाच्या पोत्यांवरची अक्षरं लावून लावून. पावाची चव बदलली, बोली बदलली की कुठे पोचलो ते कळायचं. अंधारात नुसत्या घंटेच्या आवाजावरून गाव ओळखायचो.

परवा झऱ्याच्या नळीत पाला अडकला म्हणून वर गेलो. परतताना धुकं उतरलं. असं धुकं जन्मात पाहिलं नव्हतं. पायाखालची वाट, पण पाऊल टाकवेना. मग वाटलं, आपण खाली एस्त्रेमादुरातच आहोत. आणि मेंढ्या? मेंढ्या कुठे गेल्या? शोधत राहिलो. तेवढ्यात घंटा वाजू लागली. धुक्यात कोणी अडकलं की ते परतेपर्यंत आपल्याकडे घंटा थांबत नाही, लहानपणी तूही दोर ओढलायस. पण पोरी, ती कुठल्या गावची घंटा, तेच मला ओळखू येईना. आवाजामागे चालत राहिलो, आणि समोर आलं ते आपलंच चर्च.

ओबदुलिया दोर धरून उभी, तळहात सोलवटलेले. म्हटलं, बरं केलंस बाई, धुकं फार होतं. एरवी मला म्हाताऱ्या म्हणून हाक मारणारी ती, त्या दिवशी नाव घेऊन बोलली. “कसलं धुकं, सेवेरो? सकाळपासून लख्ख ऊन आहे. तू त्या कुरणात गोल गोल फिरत होतास. हाका मारून घसा बसला, तेव्हा दोर धरला.”

म्हणून हे पत्र. फोनवर हे सांगता आलं नसतं. ती गेल्यावर दोर ओढायला कोणी नाही, आणि मला फार भीती वाटते. मला न्यायला ये. तुझा पाऊस चालेल मला. लवकर लिही, ती जायच्या आत. आणि तुझ्या दारापासून पावाच्या दुकानापर्यंतची वाट नीट लिहून पाठव, कुठे वळायचं, वळल्यावर काय दिसतं. परत येण्याची वाटही वेगळी लिही. आतापासून पाठ करायला घेतो.

तुझाच,
बाबा