बिजलीच्या पोटावर टाका नाही

२० फेब्रुवारी, शुक्रवार. लातूर

बिजली दिवसभर लोळतेय. शाळेतून आले तरी सकाळी होती तिथेच, शिलाई मशीनच्या कव्हरवर. एरवी चप्पल वाजली की पायात येते. यांना विचारलं, ऑपरेशनचा अशक्तपणा अजून गेला नाही का हिचा? हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मुका जीव हाय. लागतो येळ."

माझ्या आजारपणात इतक्या मायेने कधी बोलले नाहीत. असो.

२३ फेब्रु., सोमवार

पहाटे ओट्याखाली उलटी. पिवळं पाणी नुसतं. दूध बंद केलं तर दुपारी भाकरी-दूध मागून मागून खाल्लं, वर भांडं चाटत बसली. तब्येत बिघडलेलं मांजर असं खातं का? कळेना. आज नळ आला, तीन पिंपं भरून ठेवली. कंबर गेली.

२७ फेब्रु., शुक्रवार

शेजारची जमीलाआपा पिको केलेली साडी द्यायला आली. बिजली नेमकी फरशीवर उताणी. आपा खाली वाकून बघतच राहिली.

"मॅडम, ही तर गाभण हाय की वो."

मी हसले. म्हटलं, आपा, जानेवारीत ऑपरेशन झालंय हिचं.

"झालं आसंल. मग सडं कशानं गुलाबी झालीत? केसबी मागं सरकलेत बघा तिथलं."

आपाकडे चार मांजरी, तिला सगळीकडे तेच दिसणार. चहा पिऊन गेली. हे चहाच्या वेळी गच्चीवर गेले ते ती जाईपर्यंत आलेच नाहीत.

२ मार्च, सोमवार

मनातून जात नाही म्हणून आज बिजलीला मांडीवर घेऊन नीट बघितलं. आपा म्हणते तसंच आहे. गुलाबी, थोडी सुजलेली, आजूबाजूचे केस विरळ.

पोटाखालून हळूच बोट फिरवलं. टाक्याची रेघ कुठेच लागली नाही.

जानेवारीत मी नांदेडला लेकीकडे, शीतलकडे होते, नातवाला डेंग्यू झाला होता. तेव्हा हे एकटे बिजलीला दवाखान्यात घेऊन गेले. शीतलच्या फोनवर फोटो आला. पोटावरचे केस काढलेले, वर पांढरी पट्टी. मी शीतलच्या शेजारणींनासुद्धा दाखवला. बघा म्हटलं, रिटायर झाल्यावर का होईना, माणूस घरचं काही करायला लागला. मागच्या खेपेची पिल्लं गल्लीतल्या कुत्र्यांनी ओढून नेली तेव्हाच ठरलं होतं, पुन्हा हा प्रकार नको.

मांजराचा टाका बुजून जात असेल. माझ्या पोटावरचा अजून हाताला लागतो. पण मांजराची कातडी वेगळी.

७ मार्च, शनिवार

दवाखाना. मी नेते म्हटल्यावर यांचं डोकं दुखायला लागलं. मग मी, बिजली आणि भाजीची झाकणाची टोपली.

डॉक्टर तरुण आहे. पोटाला हात लावल्या लावल्या म्हणाला, "गाभण आहे. दाबून बघू नका, उचलताना खालून आधार द्या. एप्रिलच्या सुरुवातीला पिल्लं होतील."

मी म्हटलं, पण ऑपरेशन?

"झालंच नाही ना मॅडम. काका आले होते की जानेवारीत. टेबलावर ठेवली, ती ओरडायला लागली. काका म्हणाले पुन्हा आणतो, आणि घेऊन गेले."

हसून म्हणाला हे. मीही हसले. काय करणार. टोपली उचलून रिक्षात बसेपर्यंत तोंडावर तेच हसू होतं, वेड्यासारखं.

घरी आले. यांना म्हटलं, केस कुणी काढले?

"मीच. दाढीच्या ब्लेडनं."

पट्टी?

"तीबी मीच लावली. अगं, तिचं वरडणं बघवलं न्हाई मला. तू चिडशील म्हणून..."

पुढचं ऐकलं नाही.

८ मार्च, रविवार

शीतलला फोन. तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून!

"आई, पप्पांनी शपथ घातली होती गं. आणि मांजराचं काय एवढं मनावर घेतेस?"

तिच्याच घरात, तिच्याच पोराच्या उशाशी बसून मी तो फोटो लोकांना दाखवत होते. ती बाजूला बसून बघत होती. एका शब्दाने बोलली नाही. फोन ठेवून दिला मी. मग रडले. मांजरासाठी नाही.

११ मार्च, बुधवार

हे घुटमळत स्वयंपाकघरात आले. "बोलत का न्हाईस?" म्हटलं, भाजी झाकून ठेवलीय.

झोप नीट नाही. सारखं चाकूरचं ते कुटुंबनियोजनाचं शिबिर आठवतंय. दुसरी मुलगी झाल्यावर ठरलं होतं, ऑपरेशन हे करून घेणार. स्वतःच म्हणाले होते, "बाईला कशाला तरास? पुरुषाचं सोपं असतंय." मी माहेरी, सासरी सगळ्यांना सांगितलं होतं कौतुकाने. शिबिराच्या दिवशी सकाळी म्हणाले, औशाला गाडी बिघडलीय, डेपोतून बोलावणं आलंय. नाव तर दिलेलं. मग सासूबाई म्हणाल्या, तू चल, तूच करून घे. गेले. दिवेलागणीला हे जीप घेऊन न्यायला आले, सोबत मोसंबी. मेकॅनिक माणूस, एस.टी.ची नोकरी, कशी टाळणार? इतकी वर्षं हेच धरून चालले.

आज पहिल्यांदा वाटलं, खरंच गाडी बिघडली होती का?

२१ मार्च, शनिवार

बिजलीचं पोट आता लपत नाही, खालून नासपतीसारखं दिसतं. आडवी पडली की आत हलताना दिसतं. मी बघत होते आणि राग विसरले होते. तेवढ्यात हे शेजारी येऊन बसले, तिच्या पोटाशी बोलायला लागले. "काय करायलाव रे आत?" मी उठून गेले.

मुलींच्या वेळी असं कुणाशी बोलले होते?

२९ मार्च, रविवार

बिजली जागा शोधतेय. पलंगाखाली, तांदळाच्या डब्यामागे, कपाटात. १४ एप्रिलची पांढरी साडी कपाटाच्या तळाशी काढून ठेवली होती, तिच्यावर पंजाने उकरत बसते. यांनी कूलरच्या खोक्याला दार कापून दिलं, आत आपला जुना खाकी शर्ट घातला. बाई हुंगून निघून आली. मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटतेय, पण बरं वाटलं.

शीतलचे मेसेज येतात. पिल्लू मला ठेव म्हणे. उत्तर दिलेलं नाही.

२ एप्रिल, गुरुवार

विचारलं शेवटी. जेवताना, ताटातच बघत.

औशाला कोणती गाडी बिघडली होती त्या दिवशी?

घास हातातच राहिला यांचा. कोणता दिवस म्हणून विचारलंसुद्धा नाही. म्हणजे यांनाही तो दिवस पाठ आहे!

"कोणतीच न्हाई."

मग कुठे होता?

"स्टँडवर. बसून राहिलो दिवसभर. भ्या वाटलं गं."

मी म्हटलं, बिजलीला टेबलावरून उचलून आणलंत. मला तिथून उठवून न्यायला का नाही आलात?

घास ताटात परत ठेवला. मग अगदी साधेपणाने, खोटं नाही, मनात आलं तेच:

"ती वरडली. तू कुटं वरडलीस?"

पाणी प्यायला उठले. पाणी प्यायलेच नाही, तशीच ओट्याशी उभी.

खरंच, ओरडले नव्हते मी. सासूबाईंना म्हणाले होते, चला. रात्री मोसंबी सोलून दिली तीही खाल्ली. शहाणपणा वाटला होता तेव्हा. लोक म्हणाले, समजूतदार आहे.

३ एप्रिल, शुक्रवार

पेपर तपासायचे होते. एकही झाला नाही.

५ एप्रिल, रविवार. दुपार

बिजलीने कालपासून खाणं सोडलंय. सकाळपासून कपाटात, पांढऱ्या साडीवरच. काढली नाही मी तिला, साडी काय धुता येते. आपा डोकावून गेली, "आज होतंयच," म्हणाली.

हे कपाटासमोर फरशीवर बसलेत. घाम फुटलाय. मी पुढच्या खोलीत लिहितेय.

एकदा ओरडली. बारीक.

"ये की गं इकडं. मला बघवंना."

स्टोव्हवर पाणी तापत ठेवलंय, जुनं धोतर फाडून ठेवलंय, सगळं तयार आहे. ते मीच केलंय सकाळी. जायचं तर दहा पावलं आहेत.

आता मोठ्याने ओरडली. हे उठून दारात आलेत. माझ्याकडे बघतायत. डोळ्यांत पाणी आहे.

"अगं, वरडायलीय ती."

हो. मलाही ऐकू येतंय.

अजून उठले नाही.