दोन टनाचे दोन बेल्ट

श्रीरामपूर,
९ फेब्रुवारी

प्रिय भीमराज,

सलाम आणि जय भीम. चौदा वर्षांनी माझं अक्षर बघून तू पाकीट उलटसुलट करून पाहशील. तुझा पत्ता मला रामहरीनं दिला. तो जामखेडकडचा ड्रायव्हर आहे, हल्ली सुप्याच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत गाडी चालवतो. त्याच्या पुतणीच्या लग्नाचा मांडव तू घातलास म्हणे. “लई वारं सुटलं हुतं, शेजारचं पत्रं उडालं, पन भीमराजभाऊचा मांडव जागचा हलला न्हाई,” असं तो चार जणांत सांगत होता. तू खर्ड्याला सुखात आहेस, स्वतःचा मंडपाचा धंदा आहे, हे ऐकून फार बरं वाटलं. नंबरही होता त्याच्याकडे. मी दोनदा लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला. मग म्हटलं, लिहूनच टाकावं.

आमचं बरं चाललंय. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून तीन वर्षांपूर्वी गाडी सोडली. मरियम चर्चमधल्या बायकांना गाणी शिकवते आणि मला रोज सकाळी शेवग्याला पाणी घालायला लावते. शेंगा इतक्या येतात की गल्लीत वाटून संपत नाहीत. खरं सांगू, एवढं निवांत आयुष्य मला कधी मिळेल असं वाटलं नव्हतं. आणि आमची जेनिफर, जिला तू टेम्पोच्या हौद्यात बसवून यार्डात चक्कर मारायचास, ती आता रामहरीच्याच कंपनीत सेफ्टी ऑफिसर झाली आहे. दर शनिवारी तीस-पस्तीस ड्रायव्हरांचा वर्ग घेते. माल कसा बांधायचा, हा विषय. मला हसूच आलं. म्हटलं, ज्यांच्या हाताला घट्टे पडलेत त्यांना ही पोरगी काय शिकवणार? पण तिच्याकडचं पुस्तक सगळं इंग्रजी. ती म्हणाली, “पप्पा, तुम्ही मागं बसा आणि माझं मराठी कुठं अडतं ते सांगा.” म्हणून गेलो.

पहिल्याच शनिवारी तिनं माल आवळायचा, दातांच्या खटक्याचा एक रॅचेट बेल्ट टेबलावर ठेवला आणि विचारलं, हा किती टनाचा? रामहरी म्हणाला, “पाच टनाचा हाय की मॅडम, वर लिवलंय.” माझ्याही तोंडून तेच निघणार होतं. जेनिफर म्हणाली, नाही. कंपनीनं हा बेल्ट ताणून तोडून पाहिला तेव्हा तो पाच टनांना तुटला, एवढाच त्या मोठ्या आकड्याचा अर्थ. रस्त्यावर, खड्ड्यात, ब्रेक लागल्यावर ज्याच्यावर भरवसा ठेवायचा तो आकडा लेबलवर खाली बारीक अक्षरात असतो, आणि या बेल्टचा तो अडीच टन आहे. त्यातही बेल्टला गाठ मारली की जोर निम्म्यावर येतो. लोखंडाच्या धारेवरून गेला, उन्हात कडक झाला, तर अजून कमी. हौद्याचा हूक कच्चा असेल, तर हुकाला पेलवेल तेवढंच धरायचं. आणि लेबल गेलेला बेल्ट वापरायचाच नाही, कारण तो किती पेलतो हे कुणालाच माहीत नाही.

वर्गात कुजबुज झाली. मला मात्र बेल्टला गाठ म्हटल्याबरोबर नगरहून लेथ मशीन आणतानाची आपली कोल्हारची फेरी आठवली.

घरी येऊन मी जुनी टूलपेटी उघडली. त्या दिवशीच्या दोन बेल्टांपैकी जो तुटला नव्हता तो मी ठेवून दिला होता. का ठेवला, विचारू नकोस. फेकायला हात उठला नाही. शिवणीत दुमडलेलं लेबल नखानं उलगडलं, चष्मा लावला. मोठा आकडा दोन टन, खाली बारीक अक्षरात एक टन. भीमराज, ते लेथ मशीन अडीच टनांचं होतं. दोन बेल्ट, दोन आणि दोन चार, असा माझा हिशेब. खरे धरायचे होते दोनच टन, आणि त्यातल्या एकाला मधोमध गाठ. मशीनच्या कडेवर बेल्टखाली गोणपाटही नव्हतं. पुढच्या उसाच्या ट्रॉलीमुळे मी कोल्हारच्या अलीकडे ब्रेक दाबला आणि गाठीचा बेल्ट तुटला, यात नवल काहीच नाही. मशीन रस्त्याकडेच्या उसात जाऊन पडलं आणि मागचा मोटरसायकलवाला हातभर अंतरानं वाचला, हेच नवल.

संध्याकाळी आपल्या मालकांनी, अमृतशेठनी, यार्डात सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा मी म्हणालो, भीमराजनं बेल्ट नीट ओढला नव्हता. तू माझ्याकडे पाहिलंस आणि डबा घेऊन निघून गेलास. त्यानंतर श्रीरामपुरात तुला कुणी माल बांधायला बोलावलं नाही, आणि महिन्याभरात तू अश्विनीवहिनींच्या गावी खर्ड्याला गेल्याचं कानावर आलं.

पुढच्या शनिवारी मी जेनिफरला म्हटलं, आज पंधरा मिनिटं मला दे. तो बेल्ट नेला होता. तुझं नाव घेऊन सगळं सांगितलं. बांधणाऱ्यानं रॅचेट शेवटच्या दातापर्यंत ओढलं होतं, चूक गाडी हाकणाऱ्याची, म्हणजे माझी, असं म्हणालो. पोरीला हे काहीच माहीत नव्हतं. कुणी हसलं नाही. रामहरी उठला, बाहेर गाडीकडे गेला, आणि आपल्याच हौद्यातले गाठी मारलेले तीन बेल्ट आणून टेबलावर टाकले. त्याच्यामागून आणखी चौघं गेले. जेनिफरनं ते सगळे कात्रीनं कापले. परतताना गाडीत राहुरी आल्यावर ती म्हणाली, “पप्पा, भीमराजकाका अजून आहेत ना?” मी म्हटलं, आहे, मांडव घालतो.

परवा अमृतशेठकडेही गेलो. ते थकलेत, पण डोकं साफ आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मला काय सांगतोस अँड्र्यू? त्याला सांगितलंस का?” म्हणून हे पत्र. येत्या रविवारी उपासना झाली की मी नगरची एसटी धरतो, तिथून जामखेडला आणि पुढं तुझ्या दारात. चहा दिलास तर घेईन, नाही दिलास तरी राग नाही. पण दारात उभं राहिल्यावर माझी जीभ पुन्हा फिरू नये, म्हणून जे वर्गात सांगितलं नाही आणि शेठनाही सांगितलं नाही, ते आजच लिहून ठेवतो. त्या दिवशी निघताना तू म्हणालास, “अँड्र्यू, ही गाठ मला बरी वाटत न्हाई, अजून दोन बेल्ट लावू.” राहुरीला चहाला थांबलो तेव्हा पुन्हा म्हणालास. संध्याकाळी तू निघून गेल्यावर शेठनी मला विचारलं होतं, भीमराज तुला काही बोलला होता का? मी नाही म्हणालो. भीमराज, मी दोन्ही वेळा ऐकलं होतं.

तुझाच,
अँड्र्यू